दुकानाचा डेटा: प्रती किती, कुठे आणि किल्ली कोणाकडे?

एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावातही आता सगळा हिशोब वहीवर ठेवणारे दुकानदार कमी होत चाललेत. कापड दुकान, मेडिकल, बी-बियाण्यांचे दुकान, लॅब, पतपेढी, शाळेचे ऑफिस, सगळीकडे कॉम्प्युटर आला. उधारी, जीएसटीची बिले, स्टॉक, पगारपत्रक, काही ठिकाणी तर जमातीच्या निकाहांची नोंदसुद्धा एकाच हार्ड डिस्कमध्ये असते. ती डिस्क बंद पडली तर कोणाकडे किती बाकी, हे सांगायचे कसे? पालक आम्हाला विचारतात, ‘‘सर, पेनड्राइव्हमध्ये टाकलं की झालं ना?’’ नाही, तेवढ्याने होत नाही. का, ते सविस्तर पाहू.

नेटवर्क स्टोरेज म्हणजे काय?

दुकानात तीन-चार कॉम्प्युटर असले की फाइली विखुरतात. त्याऐवजी राउटरला केबलने जोडलेली डिस्कची एक पेटी ठेवतात. तिला ‘नॅस’ म्हणतात. सगळे कॉम्प्युटर त्याच पेटीत फाइल ठेवतात, तिथूनच उघडतात. कोणाला काय दिसावे, कोणाला काय बदलता यावे, हे मालक ठरवतो.

पेटीत दोन डिस्क असल्या तर दोन्हींवर एकच मजकूर लिहिता येतो. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालते. या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. ४ टीबीच्या दोन डिस्क अशा लावल्या तर वापरायला जागा ४ टीबीच मिळते. ‘रेड ५’ या प्रकारात तशाच चार डिस्क लावल्या तर १२ टीबी मिळते आणि एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. धंदा वाढणार असेल तर सुरुवातीलाच चार खणांची पेटी घेऊन दोन खण रिकामे ठेवणे परवडते. फक्त नंतर डिस्क वाढवता येतील असे मॉडेल आहे ना, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

रेप्लिकेशन आणि बॅकअप एक नव्हे

एका ठिकाणचा डेटा दुसऱ्या ठिकाणी आपोआप जसाच्या तसा उतरत राहणे म्हणजे रेप्लिकेशन. बिलबुकातला कार्बन आठवा. वर लिहिले ते खाली उमटते, पण वर चूक झाली तर खालीही चूकच उमटते. पोराने चुकून फोल्डर पुसले किंवा व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर दुसरी प्रतही तशीच होते. बॅकअप म्हणजे कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची प्रत वेगळी जपून ठेवणे. रेप्लिकेशनमुळे काम थांबत नाही, बॅकअपमुळे मागे जाता येते. दोन्ही लागतात.

मोठ्यांचेही अडते

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी ११.४० वाजता व्यवहार थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. डेटाची प्रत मुख्य ठिकाणाहून जवळच्या दुसऱ्या ठिकाणी त्याच क्षणी जात होती आणि चेन्नईला आणखी एक आपत्कालीन केंद्रही होते. शेअर बाजाराने दिलेले कारण असे: दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन रस्त्यावरच्या खोदकामामुळे अस्थिर झाल्या आणि स्टोरेज यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. म्हणजे प्रती होत्या, तरी गरजेच्या वेळी पुढचे पाऊल पडले नाही. त्यानंतर सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करायचे.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला आणि बरेच दिवस कामे हाताने करावी लागली. पण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. ई-हॉस्पिटलचा डेटा त्यातूनच परत मिळाला. एका वेगळ्या प्रतीची किंमत अशी असते.

आपल्या दुकानासाठी

जगभर वापरला जाणारा नियम सोपा आहे: ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक दुकानातल्या नॅसवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर. बाहेरची डिस्क बॅकअप झाला की काढून घरी न्यायची, ती सतत जोडून ठेवली तर व्हायरस तिलाही धरतो.

क्लाउडचा हिशोब आधी करा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर १ टीबी चढायला नऊ दिवसांहून जास्त लागतात, १०० एमबीपीएस असेल तर साधारण २२ तास. म्हणून बिले, उधारी, करार आधी पाठवा. सीसीटीव्हीचे चित्रण नको. पहिल्या वेळेनंतर फक्त बदललेला भाग जातो.

सुरक्षेसाठी चार गोष्टी. प्रत्येक नोकराचे खाते वेगळे ठेवा, ‘अ‍ॅडमिन’चा पासवर्ड मालकाकडेच. मोबाइलवरच्या कोडची दुसरी पायरी चालू ठेवा. नॅस थेट इंटरनेटवर उघडू नका. बाहेर जाणारी प्रत एन्क्रिप्ट करा, मात्र तिची किल्ली कागदावर लिहून घरातल्या एका विश्वासू माणसाकडे द्या. किल्ली हरवली तर आपल्यालाही डेटा मिळत नाही. आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, लाइटही जाते. म्हणून पेटी हवेशीर जागी आणि यूपीएसवर हवी.

कायदाही पाहा. जीएसटीची वही-खाती वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. नोंदणीकृत कंपनी असेल तर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियम २०२२ पासून आहे. ग्राहकाचा मोबाइल नंबर, रुग्णाचा रिपोर्ट ही तर अमानत आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही ती सांभाळण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर टाकली आहे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे: परीक्षा घ्या. महिन्यातून एकदा, जुम्याच्या सुट्टीत किंवा दुकान बंद असेल तेव्हा, बॅकअपमधून एक बिल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलीकडे हे काम सोपवा आणि तारीख वहीत लिहायला सांगा. उघडले, तर बॅकअप आहे. उघडले नाही, तर आजच दुरुस्त करा, गिऱ्हाईक समोर उभे असताना नको.