शिशावरचा घाव

सेकंदाला 4 मीटर वेगाने आलेला 1 किलोचा मातीचा गोळा तेवढ्याच वजनाच्या स्थिर गोळ्याला चिकटला, तर दोघे मिळून 2 मीटर वेगाने पुढे सरकतात. संवेग शाबूत राहतो, पण 8 ज्यूल गतिज ऊर्जेतले 4 ज्यूल नाहीसे होतात. ते उष्णतेत गेले, असं पाठ्यपुस्तक एका ओळीत सांगतं. त्या ओळीची मुळं मला एका फ्रेंच बाप-लेकांत सापडतात.

ही ऊर्जा वस्तूच्या सूक्ष्म कणांत वाटली जाते, असं लायब्नित्सने 1716 मध्येच लिहिलं होतं. हिशेब मात्र लष्करी अभियंता लाझार कार्नोने 1783 मध्ये मांडला: टकरीत बदललेल्या वेगांची ऊर्जा म्हणजेच तोटा. वरच्या दोन्ही गोळ्यांचे वेग 2-2 मीटरने बदलले; प्रत्येकी 2 ज्यूल, एकूण 4. चोख! त्याचं सांगणं असं, की यंत्रात धक्का टाळा, पाणी चाकावर आदळू देऊ नका.

मुलगा सादीने 1824 मध्ये वाफेच्या इंजिनाबद्दल तेच सांगितलं: उष्ण आणि थंड वस्तूंची थेट गाठ पडू देऊ नका, काम वाया जातं. वडिलांचाच नियम, फक्त पाण्याच्या जागी उष्णता. पुढे त्याच्या टिपणांत योजलेल्या प्रयोगांची यादी आहे. तीत शिसं बडवून खर्ची पडलेली शक्ती आणि निघालेली उष्णता मोजायची आहे.

ही कल्पना रम्फर्डची, असं कोणी म्हणेल. म्यूनिकला तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवर त्याने 1798 मध्ये निबंध वाचला होता, आणि सादीच्या यादीत धातू कोरणंही आहे. ते रम्फर्डचं, मान्य. पण कोरण्यात घर्षण असतं. शिशावरचा घाव ही निखळ अप्रत्यास्थ टक्कर आहे, आणि तिच्या तोट्याचं सूत्र सादीच्या घरातलं होतं. शिसं वडिलांकडूनच आलं, असं माझं ठाम मत आहे.

1832 मध्ये कॉलऱ्याने सादी गेला, वयाच्या 36व्या वर्षी. भाऊ इपोलितने ती टिपणं 1878 मध्ये छापली. तोवर आल्सासच्या गुस्ताव-आदोल्फ इर्नने टांगलेला लोखंडी ओंडका आणि टांगलेला दगड यांच्यामध्ये शिसं चेपून उष्णता मोजलीही होती. एका किलोकॅलरीला 425 किलोग्रॅम-मीटर काम, हा त्याचा आकडा. आजचा 427 आहे. सादीच्या टिपणांतला आकडा 370 भरतो, आणि तो इर्नच्या प्रयोगाच्या किमान पंचवीस वर्षं आधीचा आहे.