पांजरापोळ आधी कुत्र्यांसाठी

मुंबईत भुलेश्वरच्या पांजरापोळात लोक जातात ते गाईला चारा घालायला. पण पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी १८ ऑक्टोबर १८३४ रोजी ही संस्था काढली, ती मोकाट कुत्री आणि डुकरं गोळीपासून वाचवण्यासाठी. पिसाळलेल्या कुत्र्याच्या धास्तीतून उठलेल्या दंगलीची ही अखेर होती. शहरातल्या कुत्र्यांसाठी आज जी निवारा केंद्रं मागितली जातात, त्यांची कुळकथा मी इथूनच सुरू करतो.

उन्हाळ्यात कुत्री जास्त पिसाळतात अशी तेव्हा समजूत होती. म्हणून १८१३ च्या नियमाने ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारायला पोलिसांना मुभा मिळाली. १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवलं. इनामापायी शिपाई घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जूनला सुमारे दोनशे पारशांनी कोटात, म्हणजे फोर्ट भागात, दोन गोऱ्या शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, दुकानं बंद झाली, पलटणीची रसद अडली. हिंदू, जैन, मुसलमानही त्यात उतरले. शेवटी दंगलीचा कायदा वाचून फौज आणावी लागली. मग शहरातल्या प्रतिष्ठितांनी सरकारला अर्ज केला: कुत्री मारू नका, शहराबाहेर हलवा.

बंदोबस्त करा, पण जीव घेऊ नका, ही कल्पना आली कुठून? माझं उत्तर आहे, वेंदिदादमधून. पारशांच्या या धर्मग्रंथाचा तेरावा फर्गर्द, म्हणजे अध्याय, जवळजवळ सगळा कुत्र्यांवरच आहे. पिसाळलेल्या किंवा न भुंकता चावणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, हेही त्यात सांगितलंय. गळ्यात लाकडी जोखड अडकवून त्याला खांबाला बांधा आणि एखाद्या धर्मनिष्ठ माणसावर करावेत तसे उपचार त्याच्यावर करा. जोखड किती जाड हवं, तेसुद्धा दिलंय. लाकूड मऊ असेल तर दुप्पट. तो माणसाला किंवा मेंढीला चावलाच, तर पहिल्या वेळी उजवा कान कापा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला आज पालिका खाच पाडते, तिचा याच्याशी संबंध नाही. ती खूण पशुवैद्यांची. तरी तो उतारा वाचताना मी थबकलो. शिवाय पारशांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्रा दाखवायचा सगदीद असतो. कुत्रा मारणं हे त्यांना धर्मावरच घाव घालण्यासारखं वाटलं असणार.

याला दोन आक्षेप आहेत. पहिला असा की पांजरापोळ मुळात गुजरातचा आणि जैनांचा. हे खरंच आहे. सोळाव्या शतकात राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायतकडे कुत्री, मांजरं, पक्षी यांच्यासाठी दवाखाने असल्याचं लिहून ठेवलंय. अमीचंदांनी भुलेश्वरला जीवदयेची ही परंपरा आणली, यात वाद नाही. पण ती परंपरा म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांची. मुंबईत प्रश्न होता धोकादायक जनावराचा, आणि धोका बांधून ठेवून त्यावर उपचार करायचा विचार मला वेंदिदादचाच वाटतो. दुसरा आक्षेप इतिहासकार जेसी पाल्सेतिया यांच्या मांडणीतून निघतो: दंगलीमागे पारशी समाजाचं शहरातलं स्थान आणि सरकारशी असलेलं नातं होतं. संताप का उसळला, हे त्यातून कळतं. उपाय हाच का सुचला, ते कळत नाही. वेंदिदाद आणि हा उपाय यांचा दुवा कागदावर दाखवता येणार नाही. तर्क माझा आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

पुढचा प्रवास ठाऊक असलेलाच. १८८५ साली रेबीजवर पाश्चरची लस, १९०० साली कसौलीची पाश्चर संस्था, १९११ साली कसौलीतच डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस. पोटातली ती चौदा इंजेक्शनं अनेकांना आठवत असतील. देशात या लशीचं उत्पादन २००४ अखेर थांबलं. मुंबई पालिकेने कुत्री मारणं १९९४ साली सोडलं आणि नसबंदी हाती घेतली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. अर्जदारांची १८३२ ची मागणी, पण या वेळी उलट्या बाजूने. तेव्हा कुत्री वाचावीत म्हणून ती केली होती, आता माणसं वाचावीत म्हणून.

निवारा ही दया आहे, रोगाला घातलेला आळा नव्हे. जागा मोकळी झाली की आसपासची, लस न टोचलेली कुत्री तिथे येतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यामुळे होतो, आणि भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. तेव्हा आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली जाते का, हे पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा. आणि कुत्रा चावलाच तर हळद-मिरची लावू नका; जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लक्षणं दिसू लागली की या रोगावर इलाज नाही.