कलाभवन आणि बाहेरचे जग

दांडिया बाजारातील जुना वाडा सोडून नव्या सदनिकेत राहावयास आलो, तेव्हा घरातील बहुतेक कागदपत्रे इकडेतिकडे झाली. आजोबांची एक वही मात्र राहिली. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत ते बडोद्याच्या कलाभवनात रंगाईचे शिक्षण घेत होते, त्या वेळची ती वही. डाव्या पानावर मोडीत लिहिलेल्या कृती आणि उजव्या पानावर खळीने चिकटवलेले कापडाचे चौकोनी तुकडे. तुकड्यांखाली बाळबोध अक्षरांत रंगांची नावे आहेत : अलिझरीन, काँगो रेड, मेथिलीन ब्ल्यू. आजोबांनी जन्मात समुद्र ओलांडला नाही. मुंबईपलीकडे ते फारसे गेलेच नाहीत. तरीही त्या वहीत पानोपानी जर्मनी आहे.

ही वही पुन्हा काढून पाहावीशी वाटली, त्याला निमित्त अलीकडचे आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वुलाँगाँग या ऑस्ट्रेलियातील दोन विद्यापीठांच्या शाखा २०२४ मध्ये सुरू झाल्या. शिकवावयाचे विषय सायबर सुरक्षा, व्यवसाय-विश्लेषण, वित्त-तंत्रज्ञान असे, म्हणजे थेट नोकरीकडे नेणारे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरल्यापासून परदेशी विद्यापीठांशी करार करण्याची लगबग सर्वत्र दिसते. धंद्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थेने जगाशी नाते कसे जोडावे, हा जणू आजच उपस्थित झालेला प्रश्न आहे, अशा थाटात त्याची चर्चा चालते. बडोदेकरांना तरी हा प्रश्न नवा वाटू नये. त्याची उत्तरे येथे एकशे तीस वर्षांपूर्वी शोधली गेली. काही सापडली, काही हातातून निसटली.

कलाभवनाची स्थापना १८९० सालची. सयाजीराव महाराजांनी १८८१ अखेर राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती घेतली आणि १८८७ मध्ये ते प्रथम युरोपला गेले. तिकडील कारखाने आणि धंदेशिक्षणाच्या शाळा पाहून आलेल्या या राजाला बडोदे कॉलेजातच रसायनशास्त्राचा एक असा प्राध्यापक भेटला, की त्याच्या डोक्यात हीच गोष्ट घोळत होती. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. जन्म १८६३ चा, म्हणजे महाराजांच्याच वर्षीचा. घराणे सुतारकाम करणाऱ्यांचे, आणि वडील शिल्पशास्त्राचे जाणकार. सुताराच्या घरातला मुलगा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, तरी त्याने पटाशी-रंध्याकडे पाठ फिरवली नाही. गज्जरांचे वेगळेपण मला यातच दिसते. त्या काळचे बहुतेक सुशिक्षित कारागिरीविषयी कळवळ्याने बोलत. गज्जर आतले म्हणून बोलत.

कलाभवनात रंगाई व कापडावरील छपाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला, बांधकाम असे विषय होते. त्यांतही रंगाईवर गज्जरांचा भर का होता, हे समजून घेतले पाहिजे. कारण कलाभवनाचे बाहेरच्या जगाशी नाते जडले ते याच खात्यातून. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८-६९ च्या सुमारास मंजिष्ठातील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, तेच अलिझरीन. पुढे १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. सुरत-अहमदाबादकडील रंगाऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान या डब्यांपुढे वीस-तीस वर्षांत निरुपयोगी ठरू लागले. डबा विकत मिळत असे, पण त्यातील रंग सुतावर पक्का कसा बसवावा, त्याला कोणता क्षार लागतो, पाणी किती तापवावे, हे सांगणारे कोणी नव्हते. परदेश बडोद्याच्या दारात आधीच येऊन उभा होता. त्याची भाषा समजून घ्यावयाची की नुसते गिऱ्हाईक होऊन राहावयाचे, एवढेच ठरवणे उरले होते.

गज्जरांनी जर्मन रंगकंपन्यांशी संबंध जोडले आणि रंगाई शिकवण्यास कलाभवनात जर्मन अध्यापकही आले. यात कंपन्यांचा स्वार्थ उघड होता. रंग वापरता येणारे रंगारी वाढले की रंगाचा खप वाढणार. गज्जरांना हे कळत नव्हते असे मानणे भोळेपणाचे होईल. ज्याला माल विकावयाचा आहे त्याच्याकडूनच विद्या काढून घ्यावयाची, असा तो रोकडा हिशेब होता. परदेशी संस्था आपल्याकडे येतात तेव्हा त्यांचे काय साधते आणि त्या बदल्यात आपण काय घेतो, हा प्रश्न आजच्या करारपत्रांवर सह्या करणाऱ्यांनी इतक्या उघडपणे विचारलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

गज्जरांच्या योजनेचा खरा गाभा मात्र भाषेत होता. कलाभवनातील शिक्षण देशी भाषेतून द्यावयाचे, असा त्यांचा आग्रह. सुताराचा, रंगाऱ्याचा, विणकराचा मुलगा इंग्रजी शाळेत सात वर्षे काढून मग धंदा शिकावयास येईल, ही अपेक्षाच त्यांना अन्यायाची वाटे. त्यासाठी शास्त्रीय परिभाषा जमवणे, पाश्चात्त्य शास्त्रग्रंथ देशी भाषांत आणणे, हे काम त्यांनी महाराजांच्या आश्रयाने हाती घेतले. रंगाईच्या धंद्यासाठी 'रंगरहस्य' हे नियतकालिकही काढले. अध्यापक जर्मन, पुस्तक इंग्रजी आणि विद्यार्थ्याची वही गुजराती किंवा मराठी, असा हा त्रिवेणी मेळ होता. आजोबांच्या वहीतील मोडी त्यामुळेच मला नुसती घरगुती आठवण वाटत नाही.

हा मेळ फार दिवस टिकला नाही. १८९६ मध्ये गज्जर बडोदे सोडून मुंबईला विल्सन महाविद्यालयात गेले. (डांबर फासलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा स्वच्छ करून दिला म्हणून पुढे त्यांचे नाव गाजले, एवढ्या मोठ्या माणसाची आठवण पुष्कळांना तेवढ्यापुरतीच असावी, हे विचित्रच.) कलाभवन चालू राहिले, वाढलेही. पण देशी भाषेचा आग्रह धरणारा माणूस गेल्यावर तो आग्रह हळूहळू सैल होत गेला. गज्जरांच्या शिकवणुकीचे फळ अन्यत्र दिसले. १९०७ मध्ये निघालेल्या अलेंबिक या कारखान्यामागे त्यांच्यासह भाईलाल अमीन आणि कोटिभास्कर हे त्यांचे शिष्य होते. कोटिभास्कर हे नाव वाचताना मराठी वाचकाची मान जरा ताठ होते, हे कबूल केले पाहिजे.

कलाभवनाच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून येथे आले आणि चित्रकला, छायाचित्रण असे पुष्कळ काही शिकले. त्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षण घेतले, असे हल्ली छापले जाते. त्या विद्यापीठाचा जन्म व्हावयास तेव्हा जवळजवळ साठ वर्षे अवकाश होता. फाळके १९०९ मध्ये छपाईच्या कामासाठी जर्मनीला गेले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यांना परदेशी कोणी पदवी दिली नाही. यंत्र उघडून पाहण्याची सवय त्यांना आधीच लागलेली होती. दोन-चार आठवड्यांच्या परदेशवासात त्यांना जे उचलता आले, ते त्या सवयीमुळे.

परदेशी माणूस आणून त्याची विद्या येथे रुजवण्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण मात्र कलाभवनाबाहेरचे आहे. १९०६ पासून बडोदे राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शिकलेल्यांना वाचावयास काय द्यावयाचे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तेथील ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बॉर्डन येथे तीनच वर्षे राहिले. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवणारी व्यवस्था मार्गी लावली आणि १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग काढला. त्या वर्गातून येथलीच माणसे तयार झाली. १९१२ मध्ये निघालेले 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत होते. १९१३ मध्ये बॉर्डन परत गेले आणि काम थांबले नाही. पाहुण्या अध्यापकाची कसोटी कोणती, असे कोणी विचारले तर मी या शेवटच्या वाक्याकडे बोट दाखवीन.

बॉर्डन परतले त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कला निघाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करण्याचा करार. भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यास रुजू झाले. पुढे जे घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. या विद्वानाला सबंध बडोदे शहरात राहावयास खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. कचेरीतील शिपाईही त्यांच्याशी सोवळेपणाने वागत. त्या दिवशी रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले आणि मुंबईस परतले. महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा अभिमान आपण बडोदेकर मराठी माणसे प्रत्येक जयंतीला मिरवतो. ज्या शहराने त्यांना निवारा दिला नाही, त्या शहराच्या पेठांतून आपलेही वाडे होते, ही गोष्ट मात्र भाषणातून गळते. आमचा वाडाही त्यांत आलाच. विद्यार्थी जगात पाठवण्याची राज्याची तयारी होती. जग पाहून आलेल्या माणसाला सामावून घेण्याची शहराची तयारी नव्हती. सयाजीरावांचा हुकूम कचेरीत चालत असे, वाड्याच्या ओसरीवर नाही.

पुन्हा वहीकडे वळतो. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन रंग येणे बंद झाले. भाव भडकले, रंगशाळा अडल्या. वहीच्या शेवटच्या काही पानांवर जर्मन नावे दिसत नाहीत. तेथे मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची साल आणि हिरडा आहे. पण कृती लिहिण्याची रीत तीच, म्हणजे वजन, तपमान, क्षार, वेळ यांचे रकाने पाडलेली. माल येईनासा झाला तरी शिकलेली पद्धत हातात राहिली होती.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आदल्याच दिवशी विद्यापीठाचा कायदा अमलात आला आणि कलाभवन त्या विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात केवळ पुरुषांचा बोध होईल असा शब्द नको, 'सर्व मानव' असे म्हणा, हा आग्रह धरून तो मान्य करवून घेणाऱ्या या बाई. त्यांच्याकडे जगाकडे पाहण्याची दृष्टी होती आणि धंदेशिक्षणाविषयी तुच्छताही नव्हती. गृहविज्ञान, समाजकार्य, ललितकला अशा हाताला काम देणाऱ्या शाखा त्यांनी विद्यापीठात बरोबरीच्या मानाने आणल्या. ललितकला शाखेत चित्रकला शिकवावयास आले ते नारायण श्रीधर बेंद्रे, आपल्या इंदूरचे. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले, आणि बडोद्यास येण्यापूर्वी अमेरिका-युरोपची चित्रे प्रत्यक्ष पाहून आलेले. १९५० ते १९६६ या काळात त्यांनी विद्यार्थ्यांना पिकासो-ब्राकची ओळख करून दिली. पण त्यांची नक्कल करावयास लावले नाही. त्या शाखेचे नाव पुढे देशाबाहेर झाले, त्याचा पाया हा होता.

या साऱ्या वाढीत एक गोष्ट मागे पडली. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी ठरले. त्यामुळे देशभरातून विद्यार्थी आले, परदेशांतून आले, येथल्या पदवीधरांना बाहेरचे दरवाजे सहज उघडले. इंग्रजीमुळे जे मिळाले ते खोटे नव्हते, आणि माझ्या स्वतःच्या घरातील दोन पिढ्या त्यावर परदेशी स्थिरावल्या आहेत. तरीही ज्या रंगाऱ्याच्या मुलासाठी गज्जरांनी हा खटाटोप मांडला, त्याचा प्रवेश इंग्रजी येण्यावर येऊन ठेपला. गज्जरांना जर्मनी बडोद्याच्या पेठेत आणावयाची होती; पुढे बडोद्याची मुले जर्मनीत जाऊ लागली. दोन्ही गोष्टींना आपण आज एकच नाव देतो.

रिक्षावाल्याला विद्याशाखेचे लांबलचक नाव सांगितले तर तो गोंधळतो; कलाभवन म्हटले की नेऊन सोडतो. गेल्या वर्षी ती वही घेऊन मी तेथे गेलो होतो. वस्त्ररसायन शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांनी कापडाचे तुकडे उजेडात धरून पाहिले. तेराव्या पानावरचा लाल रंग शंभर वर्षांनंतरही फिका पडलेला नाही, असे ते म्हणाले आणि कृती काय आहे ते विचारले. मोडी त्यांना वाचता येत नव्हती. मी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ती इंग्रजीत टिपून घेतली.