पहाटे तीनच्या आधीचे दहा तास

अकोले तालुक्यात प्रवरेकाठच्या कुठल्याही ऊसवस्तीवर येऊ शकते अशी ही रात्र. हा घटनाक्रम एका घराचा नाही. बिबट्याने कुत्रा नेलेल्या अनेक वस्त्यांवर तो थोड्याफार फरकाने असाच घडतो.

संध्याकाळी 5 (दहा तास आधी)
शाळेतून आलेली पोरं अंगणात कुत्र्याशी खेळताहेत. अंगणाला लागूनच डोक्याच्या वर गेलेला ऊस. आत गारवा, पाटाचं पाणी, बिबट्याला दिवसभर लपायला जागा. याच खोऱ्यात कॅमेरे लावून विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे, आणि दर चौरस किलोमीटरला 300हून अधिक माणसं.

7 (आठ तास आधी)
शेळ्या वाड्यात गेल्या, कडी लागली. कोंबड्या खुराड्यात. कुत्र्याच्या गळ्यात मात्र साखळी, आणि साखळी बाहेरच्या खुंट्याला. त्याने राखण करायची ना!

रात्री 9 (सहा तास आधी)
उरलंसुरलं उकिरड्यावर पडतं. मोकाट कुत्री जमतात. बिबट्या त्यांच्याच मागावर असतो. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत दिसलं, की वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात 39 टक्के कुत्री होती, शेळ्या फक्त 11 टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही! शेळ्यांना रात्री दार असतं.

1 (दोन तास आधी)
पंपाची वीज रात्रीची, म्हणून घरधनी शेताला पाणी द्यायला दाऱ्यावर गेलेला. अंगणातला दिवा बंद. कुत्रा उसाकडे तोंड करून भुंकतो. आतून आवाज येतो, ‘गप रे!’

2.50 (दहा मिनिटं आधी)
भुंकणं थांबतं. कुत्रा कण्हत भिंतीला चिकटतो. अजूनही वेळ आहे: दिवा लावावा, दाराआडूनच ताट बडवावं, आरडाओरडा करावा. घर झोपलेलं असतं.

पहाटे 3
झडप थेट गळ्यावर. मोकळा असता तर पळाला असता. साखळीने ती वाटही ठेवली नाही.

सकाळी 7
‘पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा,’ अशी मागणी होते. राग समजण्यासारखा आहे. पण शेजारच्या जुन्नरचा अनुभव आठवावा. तिथे 2001पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4वरून 17वर गेले. मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, आणि कुत्रा पुन्हा खुंट्यालाच असतो.

या दहा तासांत सर्वांत महत्त्वाची वेळ संध्याकाळी सातची. दाराशी बांधलेला कुत्रा बिबट्याला आपल्या झोपलेल्या पोरांपर्यंत आणतो. म्हणून कुत्र्यालाही भक्कम जाळीचं, वरून झाकलेलं खुराडं हवं. नाहीतर त्याला पडवीच्या दाराआत घ्यावं. उकिरडा घरापासून लांब असावा, अंगणात उजेड असावा. बिबट्या दिसला तर पाठलाग न करता वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवावं. जो आपल्यासाठी रात्रभर जागतो, त्याला शेळीइतकी तरी कडी आपण देणं लागतो.