चांदमारी कोणाची? लांब पल्ल्याची नेमबाजी आणि धाराशिव

१/ जुन्या छावण्यांच्या आणि पोलीस मुख्यालयांच्या अनेक गावांत ‘चांदमारी’ नावाची एखादी जागा आढळते. चांद म्हणजे लक्ष्यफलकावरचे वाटोळे चिन्ह. त्यावर गोळी मारण्याचा सराव जिथे चाले, ती चांदमारी. नाव लोकांच्या तोंडी रुळले, पण त्या मैदानावर सामान्य नागरिकाला क्वचितच पाऊल ठेवता आले. हे का घडले, याचा इतिहास आजच्या धाग्यात धाराशिव जिल्ह्याच्या अनुषंगाने पाहू.

२/ दूरवर मारा करण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली जाईपर्यंत परंड्याच्या किल्ल्यात होती. नळदुर्गाच्या उपळी बुरुजावर लांबलचक तोफा आजही पाहायला मिळतात. मात्र तोफ ही राज्यसत्तेची मालमत्ता असे, आणि लांबचा पल्लाही तिच्याच मालकीचा.

३/ एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. नळीच्या आत पिळदार खोबणी पाडलेल्या रायफलीमुळे एकट्या माणसाच्या हाती कित्येकशे यार्डांचा अचूक पल्ला आला. तेव्हापासून प्रत्येक राज्यकर्त्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला: हे कौशल्य प्रजेला शिकवायचे की नाही?

४/ इंग्लंडने होकार दिला. फ्रान्सच्या आक्रमणाची भीती दाटली असताना १८५९ मध्ये तिथे नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर खुद्द व्हिक्टोरिया राणीने ४०० यार्डांवरच्या फलकावर पहिली गोळी झाडली. कारकून, दुकानदार, शिक्षक असे नागरिक स्वयंसेवक तिथे लांबचा नेम शिकू लागले. पुढे आसपास वस्ती वाढल्यावर १८९० मध्ये हे मैदान बिस्ले येथे हलवण्यात आले.

५/ स्वित्झर्लंड त्याहून पुढे गेले. तिथे सैन्यसेवेत रायफल मिळालेल्या नागरिकाला ठरावीक वार्षिक नेमबाजी बंधनकारक असते आणि त्यासाठी ३०० मीटरचे मैदान उपलब्ध करून देणे हे स्थानिक गावसंस्थेचे कायदेशीर कर्तव्य आहे. पाणवठा वा शाळा जशी गावाची, तसेच हे मैदानही गावाचेच.

६/ हिंदुस्थानात त्याच ब्रिटिश सत्तेचे उत्तर नेमके उलट होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना मात्र त्यातून सूट मिळाली. रायफलधारी स्वयंसेवक पथकेही बहुतांशी त्यांचीच. १८८५ मध्ये रशियन स्वारीची भीती पसरली, तेव्हा सुशिक्षित हिंदी तरुणांनी या पथकांत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत याविषयी ठराव झाले, ते यामुळेच.

७/ धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तिथेही बंदूक प्रामुख्याने दोनच रूपांत दिसे: जहागीरदाराची शिकार आणि शिपायाची चाकरी. शेतकऱ्याच्या वा विद्यार्थ्याच्या हातातील ‘खेळ’ म्हणून तिच्याकडे पाहण्याची परंपरा इथे रुजलीच नाही.

८/ नंतर १९४८ आले. १३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूने भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल त्याने ताब्यात घेतला. त्याआधी रझाकारांच्या अत्याचारांनी जिल्हा होरपळला होता. कारवाईनंतर सूडाची लाट उसळली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली. खाजगी हातांतील शस्त्र काय करू शकते, हे या मातीने दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

९/ हा भाग वगळून नेमबाजीचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्वतंत्र भारताने शस्त्रांविषयी सावध राहावे, याला वासाहतिक सवयीखेरीज ताज्या जखमांचेही कारण होते. तरीही एक प्रश्न उरतोच: शस्त्रावर नियंत्रण ठेवूनही कौशल्याला वाट देता येते का?

१०/ तसा प्रयत्न १९५१ मध्ये झाला. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले सभापती ठरले. घराणे मूळचे कोकणातील, कर्मभूमी अहमदाबाद, आणि राजकीय संस्कार गांधीजींच्या चळवळीचा. अशा माणसाने रायफल संघटनेचे नेतृत्व करावे, यात नव्या प्रजासत्ताकाचा नागरिकावरील विश्वास दिसतो. राष्ट्रीय स्पर्धेआधीची एक मोठी स्पर्धा आजही मावळंकरांच्या नावाने भरते.

११/ पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमातील एक तपशील आपल्या विषयाचा गाभा आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी ‘पॉइंट २२’ रायफल किंवा एअर रायफल हवी असेल, तर परवाना द्यावा, असे मूळ कायदा म्हणत होता. त्याहून मोठ्या रायफलीसाठी मात्र अर्जदाराकडे ‘पुरेसे कारण’ आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागे.

१२/ ही ओळ साधी दिसते, पण तिने खेळाचा पल्ला आखून दिला. पॉइंट २२ ही मुख्यतः ५० मीटरची रायफल आणि एअर रायफल १० मीटरची. ३०० मीटरसाठी मोठ्या काडतुसाची रायफल लागते. सैन्याच्या वापरातील पॉइंट ३०३ सामान्य नागरिकाला सहसा मिळत नसे. म्हणून आयुध निर्माणीने नागरी बाजारासाठी वेगळ्या मापाची पॉइंट ३१५ रायफल बनवली. ती शिकारीच्या व संरक्षणाच्या कामाची. अचूक स्पर्धेसाठी ती घडवलेली नाही.

१३/ दुसरी अडचण जमिनीची. एअर रायफलीला एखादे सभागृह पुरते. पॉइंट २२ ची गोळी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून ५० मीटरच्या मैदानालाही भक्कम भिंती व आडोसे लागतात. मोठ्या रायफलीची गोळी तीन किलोमीटरांहूनही दूर जाऊ शकते. तिला फलकामागे मातीचा उंच बांध किंवा डोंगर हवा, आणि त्यापलीकडेही वस्ती नसलेला विस्तीर्ण टापू हवा. इतकी जमीन प्रायः सैन्याकडे, निमलष्करी दलांकडे व पोलिसांकडेच असते.

१४/ कोणी विचारील, ५० मीटर पुरेसे नाही काय? दोन्ही विद्या वेगळ्या आहेत. ३०० मीटरच्या फलकावर दहा गुणांचे वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी तिथवर अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचते, पण तेवढ्या वेळात वारा तिला वर्तुळाबाहेर ढकलू शकतो. नेमबाजाला निशाणे, गवताची हालचाल, तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर वाचावी लागते. ही विद्या बंदिस्त सभागृहात शिकता येत नाही.

१५/ जेवढा पल्ला मिळाला, तेवढ्यात महाराष्ट्राने काय केले ते पाहा. एनसीसीतून पुढे आलेल्या अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. मुंबईतील वरळी व पुण्यातील बालेवाडी या मैदानांनी राज्याला असे नेमबाज घडवून दिले.

१६/ धाराशिवच्या मुलीला बालेवाडी गाठायची तर सुमारे अडीचशे किलोमीटर प्रवास करावा लागतो. ३०० मीटरचे स्वप्न आणखी दूर आहे. या पल्ल्याच्या राष्ट्रीय स्पर्धांचे परिचित स्थान म्हणजे मध्य प्रदेशातील महू येथील सैन्याचे मार्क्समनशिप युनिट: धाराशिवपासून सरळ रेषेत मोजले तरी पावणेपाचशे किलोमीटरांहून दूर, आणि तेही लष्करी कुंपणाआड. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत हजार यार्डांपर्यंतची फुलबोअर नेमबाजी झाली, तीही गुरुग्रामजवळ कादरपूरला, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या आवारात.

१७/ परिणाम उघड आहे. गणवेश घातला तर लांबचा पल्ला मिळतो, नागरिक राहिलात तर बहुधा नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे. ३०० मीटर रायफल १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर कार्यक्रमातून गेली. मग सरकारने त्यावर खर्च का करावा? पण जागतिक अजिंक्यपदात हा प्रकार टिकून आहे, आणि केवळ पदकाच्या शक्यतेवर मैदाने वाटली, तर पहिल्या पिढीचा खेळाडू कधी जन्मालाच येणार नाही.

१८/ नवी जमीन शोधण्याची फारशी गरजही नाही. ब्रिटनमध्ये अनेक नागरी क्लब संरक्षण खात्याची मैदाने ठरावीक दिवशी भाड्याने घेऊन सराव करतात. नियम खात्याचे. आपल्याकडे पोलिसांची चांदमारी महिन्यातून काही दिवस मान्यताप्राप्त क्लबला देखरेखीखाली खुली झाली, रायफली व काडतुसे तिथल्याच शस्त्रागारात कुलूपबंद राहिली, तर शस्त्र घरोघरी न जाताही विद्या पसरू शकते. १९४८ ची भीती आणि १९५१ चा विश्वास, दोहोंचा मान त्यात राखला जातो.

१९/ धाराशिवला तर निसर्गाची साथही आहे. बालाघाटाच्या डोंगररांगा जिल्ह्यातून जातात. नेमबाजीला लागणारा मातीचा बांध इथे डोंगररूपाने आधीच उभा आहे. योग्य पाहणी, सुरक्षा आणि मंजुरी या अटी अर्थातच अनिवार्य आहेत. परंतु मराठवाड्यातल्या मुलांना लांबचा नेम शिकता येणार नाही, असे भूगोल सांगत नाही. ते आजवर कायद्याच्या चौकटीने आणि मैदानांच्या मालकीने ठरवले.

२०/ वाचकहो, आपल्या गावात चांदमारी नावाची जागा असेल, तर तिची माहिती काढा. ती कोणत्या पलटणीची वा पोलीस ठाण्याची होती, सराव कधी थांबला, आज तिथे काय आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारा, महसुली नकाशात पाहा आणि इथे लिहा. किल्ल्यांच्या तोफांची मापे आपण हौसेने टिपतो. नागरिकाला किती दूरवर नेम धरू दिला गेला, याची नोंदही इतिहासच आहे, आणि ती गावोगावी अजून व्हायची आहे.