अकरा महिनेच का?

गेल्या महिन्यात आम्ही तिघा संशोधक विद्यार्थ्यांनी मुलुंडला टू बीएचके भाड्याने घेतला. ब्रोकर म्हणाला, "अकरा महिन्यांच्या वर गेलं की रजिस्ट्रेशन करावं लागतं ना, सर." गंमत म्हणजे हे सांगताना तो माझा अंगठा बायोमेट्रिक यंत्रावर टेकवून त्याच अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करत होता!

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, शिळं होतं. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून अकरा. पण महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, असं ठरवलं. कारण गेलं, आकडा राहिला.

आता तो करार नीट वाचा. त्यात 'भाडेकरू' हा शब्दच सापडत नाही, आम्ही 'लायसन्सी'. खरा इतिहास इथे आहे. मुंबईत भाड्यावर नियंत्रण आलं 1918 साली, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत. पुढे 1947च्या कायद्याने सर्वसाधारणपणे 1 सप्टेंबर 1940चं भाडं प्रमाण धरलं आणि भाडेकरूला बाहेर काढणं फार अवघड केलं. भाडं गोठलं, पागडी वाढली. मग मालकांनी पळवाट काढली: भाडं नाही, नुसता राहण्याचा परवाना, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. सरकारने ती हेरली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू परवान्यावर जागेत राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरू करून टाकलं. मालकांनी त्याचा जो धसका घेतला, तो माझ्या मते आजही या अकरा महिन्यांत जिवंत आहे. खरं तर कलम 24मुळे त्याची गरज उरलेली नाही. मुदत संपल्यावर लायसन्सीने जागा सोडायचीच, नाहीतर दुप्पट रक्कम भरायची.

माझा पहिला मसुदा गाईडने परत केला होता. "तू कायद्याचा इतिहास लिहिलायस, राहणाऱ्यांचा नाही." झोंबलं, पण बरोबर होतं. कायदा वाचून लोक कसे राहिले ते कळत नाही. त्यासाठी लघुवाद न्यायालयातले दावे, पागडीच्या तडजोडी, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जागेच्या जाहिराती चाळाव्या लागतात. जाहिरातींत 'बीएचके' शोधत बसू नका, 'ब्लॉक' शोधा. संडास घरातच असलेल्या जागेला तेव्हा मराठी माणूस ब्लॉक म्हणायचा, आणि मोजायचा खोल्या, बेडरूम नव्हे.

आमचा करार संपायला अजून दहा महिने आहेत. ब्रोकरने रिन्यूअलच्या ब्रोकरेजचा विषय मात्र आत्ताच काढून ठेवलाय.