नामदेवांच्या घरातील कलह व सलोखा

संत नामदेवांचे (१२७०–१३५०) कूळ नरसी-बामणीचे, असे परंपरा मानते. पूर्वी परभणीत असलेले हे गाव १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात मोडते. नामदेवगाथेत गोणाई व दामाशेटी या मातापित्यांचे मुलाशी झालेले संवाद आढळतात. या अभंगांचे कर्तृत्व वादग्रस्त आहे; तथापि मराठी कुटुंबाच्या इतिहासाला ते मोलाचे होत. मुलाने पिढीजात शिंपीकाम टाकून देवळाची वाट धरली, घर उघडे पडले, ही आईची तक्रार रोखठोक आहे. मुलगाही आज्ञाधारकपणाचे सोंग आणीत नाही. परंतु गोणाईचा खरा तंटा विठ्ठलाशी! नवसाने दिलेला पुत्र त्यानेच हिरावून घेतला, असा तिचा आरोप. दोष देवाच्या माथी गेल्यामुळे मायलेकांतील धागा तुटत नाही. कन्फ्यूशियसने मातापित्यांना सौम्यपणे समजावण्याची मुभा पुत्राला दिली, ती आदर न सोडण्याच्या अटीवर. पंढरपुरातील या घरात भांडणालाच भक्तीची भाषा लाभली. गंगाखेडहून आलेली जनाबाई याच घरात वाढली. रक्ताचे नाते नसतानाही तिने स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतले, आणि गोणाई, राजाई व मुले यांची नावे आपल्या अभंगांत एकत्र गुंफली.